भुतांचा तपास आणि घरातील माणसे

भुताखेतांच्या मालिका घरातील मुलांस पाहू द्याव्या किंवा नाही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या घरात आजोबांपासून नातवंडांपर्यंत दहा-बारा माणसे एकाच दिवाणखान्यात बसतात, त्या घरात तो रोज रात्रीची जेवणे आटोपली की उभा राहतो. आजींच्या मते असले काही दिवेलागणीनंतर पाहूच नये. थोरल्या काकांच्या मते हा सारा खुळचटपणा असून तो दिवसाढवळ्याही पाहू नये. मुले ही दोन्ही मते ऐकून घेण्यापूर्वीच पडद्यासमोर मांडी ठोकून बसलेली असतात. नवी मुंबईतील आमच्या घरची स्थिती याहून निराळी नाही. आमचे स्वतःचे मत मात्र या दोन्ही पक्षांहून वेगळे आहे, आणि एका मालिकेच्या बाबतीत तर ते उघड उघड पक्षपाताचे आहे, हे आधीच सांगून टाकतो. ती मालिका म्हणजे अमेरिकेतील ‘द एक्स-फाइल्स’.

१९९३ च्या सप्टेंबरात ख्रिस कार्टर या गृहस्थांनी सुरू केलेली ही मालिका २००२ पर्यंत अखंड चालली, पुढे २०१६ आणि २०१८ साली पुन्हा थोडी चालली, आणि तिचे एकंदर २१८ भाग झाले. आमच्यापैकी ज्यांच्या घरी नव्वदीच्या दशकात केबलची तार आली, त्यांनी तिचे काही भाग तेव्हाच पाहिले असतील. कथासूत्र अगदी साधे आहे. अमेरिकन सरकारच्या तपासखात्यात ज्या प्रकरणांचा उलगडा होत नाही, ती एका तळघरातील खोलीत फेकलेली असतात. तेथे मोल्डर नावाचा एक अधिकारी बसतो. त्याची आठ वर्षांची बहीण १९७३ साली घरातून नाहीशी झाली, आणि तेव्हापासून त्याचा कोणत्याही अद्भुतावर विश्वास बसावयास तयार असतो. त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी वरिष्ठ एका डॉक्टरीणबाईंची नेमणूक करतात. त्या स्कली. त्यांचे काम त्याच्या कल्पनांतील भोके दाखविणे. तो म्हणणार, हे भूत आहे. त्या म्हणणार, आधी शवविच्छेदन होऊ द्या.

थोरल्या काकांचा आक्षेप असा की, या मालिकेत अखेर बहुधा मोल्डरच खरा ठरतो, म्हणजे ती अंधश्रद्धाच शिकविते. आक्षेप खोटा नाही. परंतु मुलांच्या मनावर काय उमटते ते पाहावे. शेवटी भूत निघाले की नाही, हे ती आठवड्याभरात विसरतात. प्रत्येक वेळी कोणी तरी पुरावा मागितला, हे विसरत नाहीत. २०१८ साली अमेरिकेतील जीना डेव्हिस संस्थेने एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत विज्ञानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पुष्कळ स्त्रियांनी स्कलीबाईंस आपला आदर्श म्हटले आहे. भुतांच्या मालिकेतून मुली प्रयोगशाळेकडे वळल्या, ही गोष्ट आजी व काका या दोघांसही सारखीच अनपेक्षित वाटली.

आपल्याकडील मालिकांशी तुलना केली म्हणजे हा फरक अधिक ठसठशीत दिसतो. १९९३ चा ‘झी हॉरर शो’, १९९५ ची ‘आहट’, २०१२ ची ‘फिअर फाइल्स’ या सर्व आम्ही पाहिल्या आहेत. त्यांत करमणूक नव्हती असे कोण म्हणेल? पण शेवटच्या मालिकेत लोकांचे ‘खरे अनुभव’ म्हणून जे दाखविले जाई, त्यात तपास असा काहीच नसे. दार करकरले, बाई किंचाळली, मांत्रिक आला, संपले. घरातील त्या बाईस आधीपासून काय होत होते, तिची झोप कशी होती, घरात तिच्याशी कोण बोलत होते, हे विचारावयास कोणी थांबत नसे.

आता आमच्या आवडीच्या भागांविषयी. पहिल्या मालेतील, ७ जानेवारी १९९४ रोजी प्रथम दाखविलेला ‘बियाँड द सी’ हा भाग आम्ही सर्वांत वर ठेवतो. स्कलीबाईंचे वडील नौदलात कप्तान. मुलगी डॉक्टरी सोडून पोलिसी खात्यात गेली, हे त्यांना रुचलेले नाही. एका रात्री झोपेतून अर्धवट जागी झालेल्या स्कलीस वडील समोरच्या खुर्चीत बसलेले दिसतात. ओठ हलतात, शब्द ऐकू येत नाही. इतक्यात दूरध्वनी वाजतो, आणि वडील गेल्याचे आई कळविते. पुढे फाशीघरातील एक खुनी, बॉग्ज, आपल्या अंगात मृतात्मे येतात असे सांगतो, आणि वडील तिला लाडाने ज्या नावाने हाक मारीत त्याच नावाने तिला हाक मारतो. येथे भागाची सारी गंमत उलटी होते. नेहमीचा श्रद्धाळू मोल्डर म्हणतो, हा लबाड आहे; आणि नेहमीची संशयी स्कली थरथरते. वडिलांचा निरोप हवा असेल तर माझ्या मृत्यूच्या वेळी हजर राहा, अशी बॉग्जची अट असते. ती जात नाही. रुग्णालयात जखमी मोल्डरच्या उशाशी बसून राहते. वडील काय म्हणाले असते हे तुला जाणून घ्यावयाचे नाही का, असे तो विचारतो, तेव्हा तिचे उत्तर एवढेच की, ते मला ठाऊक आहे. ते माझे वडील होते.

हा भाग संपल्यावर आमच्या दिवाणखान्यात कोणी दिवा लावावयास उठले नाही. आम्हांस दहाव्या दिवसाचा घाट आठवला. पिंड ठेवलेला असतो, कावळे झाडावर बसलेले असतात, आणि एकही खाली येत नाही. मग घरातील वडील माणूस पुढे होते, हात जोडते, आणि म्हणते, धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत. कोणी म्हणते, आईस अंतर देणार नाही. कोणी जुन्या कर्जाविषयी बोलते, कोणी भावाभावांतील अबोला सोडण्याचे वचन देते. कधी कावळा येतो. कधी नाहीच येत, आणि दर्भाचा कावळा करून कार्य उरकतात. कावळ्यास परलोकाचे ज्ञान आहे की नाही, हा वाद ज्यांस घालावयाचा त्यांनी घालावा. आमचे लक्ष दुसरीकडे आहे. त्या अर्ध्या तासात, एरवी ज्या गोष्टी घरात कोणी तोंडातून काढीत नाही, त्या दहा जणांच्या देखत मोठ्याने बोलल्या जातात. मेलेल्या माणसाची इच्छा शोधता शोधता जिवंत माणसांची दुखणी बाहेर येतात. स्कलीबाईंचा कावळा तर फाशीघरात बसला होता, आणि त्याच्याकडे न जाताच त्यांनी आपले उत्तर शोधले. आम्हांस हे धैर्य मोठे वाटते.

तिसऱ्या मालेतील ‘क्लाइड ब्रकमन्स फायनल रिपोज’ (१९९५) या भागाची कीर्ती याहून अधिक आहे. त्याचे लेखक डॅरिन मॉर्गन आणि पाहुणे नट पीटर बॉइल या दोघांसही १९९६ चे एमी पारितोषिक मिळाले. हा ब्रकमन विम्याचा दलाल आहे, आणि समोरच्या माणसास मरण कसे येणार एवढेच त्याला दिसते. लॉटरीचा आकडा दिसत नाही, मुलीचे स्थळ दिसत नाही, फक्त मरण. ज्या घरांत पत्रिका पाहिल्याशिवाय पायरी ओलांडीत नाहीत, त्यांनी हा भाग अवश्य पाहावा. भविष्य कळणे हे वरदान समजून आपण ज्योतिष्याकडे जातो. ब्रकमनला ते कळते, आणि म्हणूनच त्याच्या घरी कोणी येत नाही. भाग विनोदी असला तरी शेवट फार उदास आहे, आणि तो आत्मघाताचा आहे, म्हणून लहान मुलांस दाखवू नये.

याउलट दुसऱ्या मालेतील ‘द कालुसारी’ (१९९५) हा भाग आमच्या आजींस सर्वांत प्रिय, आणि आम्हांस सर्वांत खटकणारा. वॉशिंग्टनजवळच्या एका सुखवस्तू घरात रुमानियातून आलेली आजी राहते. दोन वर्षांचा धाकटा नातू बागेत फुग्यामागे धावत जाऊन खेळण्यातल्या आगगाडीखाली सापडतो, आणि तो फुगा वाऱ्याच्या उलट दिशेने जात होता असे दिसून येते. थोरल्या नातवाच्या हातावर आजीने स्वस्तिक काढलेले असते. त्या चिन्हास पाश्चात्त्य देशांत जो अर्थ चिकटला आहे, त्यामुळे ते पाहून सगळे दचकतात. तेव्हा हे फार प्राचीन रक्षणाचे चिन्ह आहे, असे मोल्डरने समजावून सांगताच आमच्या आजींनी ‘बघा’ म्हणून सर्वांकडे पाहिले. आजींचा तो विजय आम्ही मान्य करतो.

पण या भागात स्कलीबाईंनी एक प्रश्न विचारला होता. या घरातील मोठ्यांपैकीच कोणी या मुलास इजा करीत आहे काय? आजारी मूल मिरविण्याची विकृती काही माणसांस जडते, आणि वैद्यकशास्त्रास ती ठाऊक आहे. आमच्या मते साऱ्या भागातील शहाणपणाचा प्रश्न तोच. पुढे मृत जुळ्या भावाचे पिशाच निघते, काळ्या वेषातील वृद्ध मंत्र म्हणतात, भांडी उडतात, आणि तो प्रश्न कोपऱ्यात पडून राहतो. भूत सापडले म्हणजे घराची झडती थांबते. आई आणि आजी यांच्यात जे वैर होते, त्या दोघींच्या ओढाताणीत ते पोर कसे घुसमटत होते, याचा तपास कोणीच पुरा केला नाही.

हा अपुरा तपास पुरा करणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात आहेत, हे मुलांस सांगण्यासाठी आम्ही मालिका तेथेच थांबविली. मराठवाड्यात आणि विदर्भात ‘भानामती’ म्हणून जो प्रकार सांगतात, तो आपल्यापैकी पुष्कळांनी निदान ऐकला असेल. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे आपोआप पेटतात, शिजल्या अन्नात घाण सापडते, लुगड्यांवर व अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. गावात कुजबुज होते, मांत्रिक येतो, शेजारच्या एखाद्या विधवेवर संशय जातो, आणि मग पुढचा प्रकार फार वाईट होतो. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. त्यापूर्वीपासून नागपूरकडे श्याम मानव यांचेही काम चालू होते. या कार्यकर्त्यांनी अशा घरांत प्रत्यक्ष जाऊन शेकडो तास घालविले. पद्धत अगदी साधी. घरातील प्रत्येकाशी एकेकट्याने बोलावयाचे, कोणती गोष्ट कोण जवळ असताना घडली त्याची नोंद ठेवावयाची, बिब्बा कोठून येतो ते पाहावयाचे. दगड आकाशातून पडत नाही, कोणाच्या तरी हातातून सुटतो, एवढे एक गृहीत धरावयाचे.

आणि तो हात बहुधा घरातलाच निघे. कधी शाळा बंद करून घरी बसविलेली मुलगी, कधी सासरी कोणाशी मन मोकळे करता न येणारी नवी सून, कधी मार खाणारा पोर. काही वेळा त्या माणसास स्वतःलाही आपण काय करतो याचे पुरते भान नसे.

येथे या कार्यकर्त्यांनी जो नियम पाळला, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. हात कोणाचा हे कळल्यावर त्याचे नाव चारचौघांत सांगावयाचे नाही. त्या व्यक्तीशी एकांतात बोलावयाचे, तिचे दुःख ऐकावयाचे, घरच्यांस काय बदलणे जरूर आहे ते समजावून सांगावयाचे. आणि भानामती थांबावयाची. दूरचित्रवाणीच्या दृष्टीने यात काहीच नाही. पडद्यावर दाखविण्याजोगा जो एकच क्षण, त्यालाच त्यांनी पडद्याआड ठेवले. गुन्हेगार उघडा पाडण्याच्या आनंदावर ज्यांची सारी कला उभी आहे, त्या तपासपटांहून हा तपास आम्ही श्रेष्ठ मानतो. दाभोलकर पेशाने डॉक्टर होते; स्कलीबाईंप्रमाणेच, असे आमच्या पुतणीने लगेच म्हटले. त्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर चार-पाच दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसास दोराने किंवा साखळीने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, हे या कायद्याच्या अनुसूचीत अगदी आरंभीच गुन्हे म्हणून नमूद आहेत. ती अनुसूची एकदा घरात वाचावी. आपल्या समाजात ‘उपचार’ म्हणून काय काय चालत आले, ते तीत सरकारी भाषेत लिहिलेले आहे.

आता राहिला तो भाग, ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला. आठव्या मालेत, २१ जानेवारी २००१ रोजी दाखविलेल्या या भागाचे नाव चक्क आपल्या भाषेतले आहे, ‘बदला’. आरंभ मुंबईच्या सहार विमानतळावर होतो. त्या विमानतळास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळून तेव्हा दोन वर्षे होत आली होती, पण अमेरिकेस ती वार्ता पोहोचलेली दिसत नाही. तेथे चाकांच्या फळीवर बसलेला, पाय नसलेला एक भिक्षेकरी आहे. एक स्थूल अमेरिकन व्यापारी त्याच्याजवळून जातो. आणि पुढे जे घडते ते जेवणानंतर पाहण्यासारखे नाही. भिक्षेकरी त्या व्यापाऱ्याच्या देहात शिरून अमेरिकेस पोहोचतो. तेथे सिद्धीच्या बळाने धडधाकट माणसाचे रूप घेऊन एका शाळेत नोकरीस लागतो, आणि मुलांच्या आईबापांचा जीव घेतो.

हिंदी सिद्धपुरुषांविषयीच्या अमेरिकन कल्पना हास्यास्पद आहेत, यावर आमच्या घरी एकमत झाले. असे एकमत आमच्या घरी वर्षातून एकदाच होते. पण मग कारण कळते. मुंबईबाहेरच्या एका गावी अमेरिकन कारखान्यातून विषारी वायू सुटला, शंभरावर माणसे मेली, आणि त्यांत या भिक्षेकऱ्याचा मुलगा होता. गावाचे नाव सांगतात ‘विशी’. असे गाव मुंबईबाहेर आमच्या तरी ऐकिवात नाही. वाशी आहे.

वाशीच्या माणसाने हा संवाद कसा ऐकावा? १९७० साली सिडकोची स्थापना होऊन हे शहर आखले गेले, त्याच्या आधीपासून ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने रसायनांचे कारखाने उभे राहिले होते. शहर मागून आले, आणि कारखान्यांच्या शेजारी राहावयास बसले. पावसाळ्याच्या आधी वारा पडला म्हणजे रात्री कोणता तरी उग्र वास खिडकीतून येतो, आणि घरातील वडील माणसे उठून तावदाने लावितात. कोणत्या कारखान्याचा, ते ठाऊक नसते, आणि आम्ही नाव घेणारही नाही. तावदान लावताना मात्र १९८४ च्या डिसेंबरातील ती रात्र ज्यांनी वर्तमानपत्रांतून वाचली आहे, त्यांस ती आठवतेच. ‘बदला’ लिहिणाऱ्यांनी भोपाळचे नाव न घेता भोपाळच सांगितले आहे, यात आम्हांस संशय नाही.

आणि येथेच आमचा या भागावर राग आहे. इतके मोठे दुःख हाती आले असता त्यांनी ते एका संवादात उरकले. मुलगा गमावलेला तो बाप संपूर्ण भागात एकही वाक्य आपल्या दुःखाविषयी बोलत नाही. नुसती चाके करकरतात. सूड घेतो तोही कोणावर? ज्यांचा त्या वायूशी काही संबंध नाही अशा शाळकरी पोरांच्या आईबापांवर. खऱ्या भोपाळात काय झाले ते पाहावे. युनियन कार्बाइडचे प्रमुख वॉरन अँडरसन यांस अटक होऊन लगेच जामीन मिळाला, आणि ते देश सोडून गेले ते २०१४ साली अमेरिकेतच वारले. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. २०१० साली सात भारतीय अधिकाऱ्यांस दोन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा तेथून हलविण्यास २०२५ चा जानेवारी उजाडला. कोणी कोणाच्या देहात शिरले नाही. बाया चाळीस वर्षे फलक घेऊन रस्त्यावर बसल्या, न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या, दिल्लीपर्यंत पायी चालत गेल्या.

तरीही हा भाग आम्ही टाकाऊ म्हणत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा स्कलीबाईच. मोल्डर तेव्हा बेपत्ता आहे. त्याच्या जागी त्याच्यासारखा विचार करावयाचा, म्हणून त्या स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडतात, आणि समोर एक लहान मुलगा दिसत असता, हा मुलगा नव्हे असे ठरवून गोळी झाडतात. पडलेला देह भिक्षेकऱ्याचा निघतो. त्या खऱ्या ठरल्या. पण सुटल्याचा आनंद त्यांस होत नाही, रडू कोसळते. आपले अनुमान चुकले असते तर काय झाले असते, हे त्यांस कळते. गावोगावी ‘हिच्यात भूत आहे’ असे ठरवून ज्यांनी बाईवर काठी उगारली, त्या सर्वांस आपले अनुमान खरेच वाटत होते. त्यांच्यापैकी किती जण नंतर रडले असतील?

मालिका कोठून आरंभावी, असे विचारणाऱ्यांसाठी आमचा क्रम असा: प्रथम ‘बियाँड द सी’, घरातील सर्व वडीलधाऱ्यांसह. मग ‘द कालुसारी’, आजी असतील तर त्यांच्या शेजारी बसून; आई आणि आजी यांच्या भांडणाकडे मुलांचे लक्ष वेधावे. ब्रकमनचा भाग मोठ्यांनी निवांत रात्री पाहावा. ‘बदला’ पंधरा वर्षांखालील मुलांस दाखवू नये, आणि दाखवाल तेव्हा आरंभीचा प्रसंग वगळून दाखविला तरी चालेल. विमानतळावरचा व्यापारी आमच्या काकांनी पाहिला, आणि त्या रात्री दूध घेतले नाही.